पुन्हा बघायला येणारी माणसं

२०२५ च्या १४ जूनला नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला, तेव्हा माझी भाची हॉस्पिटलात होती. आजीच्या सोबतीला. माझी आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ठाण्यातल्या एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं आणि रात्री थांबायचं कुणी, असा प्रश्न आला. दादा-वहिनी नोकरीवाले. माझे गुडघे खाली जमिनीवर झोपू देत नाहीत. भाची म्हणाली, "मी थांबते, मला आता कुठे अभ्यास आहे." रोज संध्याकाळी ऐरोलीहून ठाणे लोकल पकडून यायची. पाठीला सॅक, सॅकमध्ये चादर, चार्जर आणि वहिनीने दिलेला डबा.

त्या दिवशी आईला भरवून मी निघायच्या तयारीत होते. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. भाचीने फोनवर निकाल उघडला, बराच वेळ नुसती बघत राहिली आणि मग फोन माझ्या हातात दिला. मार्क मधलेच होते. सरकारी कॉलेजात एमबीबीएस मिळावं इतके नाहीत, नाद सोडून द्यावा इतके कमीही नाहीत. अगदीच कमी पडले असते तर दोन दिवस रडारड होऊन पुढचं ठरलं असतं. भरपूर पडले असते तर पेढे आले असते आणि तेव्हाही पुढचं ठरलंच असतं. या मधल्या मार्कांनी प्रश्न तिच्याच पदरात टाकला: वर्षभर थांबून परीक्षा पुन्हा द्यायची, ज्याला मुलं ड्रॉप म्हणतात, की दुसरं काही?

"आत्या," ती म्हणाली, "ड्रॉपचं नंतर बघू. तू इतकी वर्षं डॉक्टर जवळून बघितलेस. मला हे जमेल का? मार्कांचं नाही विचारत मी."

मी महापालिकेच्या एका रुग्णालयात ३२ वर्षं स्टाफ नर्स होते. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून १९९० साली लागले, कोविडची दोन वर्षं काढली आणि २०२२ मध्ये निवृत्त झाले. दर वर्षी इंटर्नची नवी तुकडी वॉर्डात यायची, नव्याकोऱ्या ॲप्रनमध्ये, खिशात दोन-दोन पेनं. किती पोरं-पोरी माझ्या डोळ्यांसमोर डॉक्टर झाली याची मोजदाद नाही. तरी त्या क्षणी मला उत्तर देता आलं नाही. "आजीची कूस बदलायची वेळ झाली," एवढंच म्हटलं आणि दोघींनी मिळून आईला वळवलं, गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवून. तो प्रश्न तेव्हापासून मनात घोळतो आहे. आमच्या खारेगावात, कळव्यात, तिकडे ऐरोलीत माझ्या ओळखीच्या निदान तीन घरांत आज हाच विषय रोज जेवताना निघतो, म्हणून इथे लिहिते.

लोकांचा पहिला प्रश्न असतो, रक्त बघून चक्कर येते का? तो आधी मनातून काढून टाका. मी शिकत असताना लेबर रूममध्ये पहिलं बाळंतपण बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. महिन्याभरात त्याच खोलीत उभी राहून टाक्यांचं सामान हातात देत होते. डोळे सरावतात, नाकही सरावतं. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी ॲनाटॉमीच्या हॉलमध्ये फॉर्मलिनने डोळ्यांतून पाणी वाहतं, जेवताना हातांना तोच वास येतोय असं वाटतं. इंटर्न पोरं सांगायची, दोन-तीन महिन्यांत ते वाटणंही जातं.

दुसरं म्हणजे, "हिचं बायो चांगलं आहे." नीटच्या १८० प्रश्नांत ९० जीवशास्त्राचे, ७२० पैकी ३६० गुण तिथलेच, हे खरं. पण तिथे पुस्तकातली ओळ न ओळ पाठ असावी लागते आणि वॉर्डात पुस्तकातली ओळ जशीच्या तशी क्वचितच येते. न्यूमोनिया झालेली म्हातारी कधी कधी खोकतच नाही, नुसती बरळते. हार्ट अटॅकचा माणूस पोटात गॅस झालाय म्हणून सोडा पिऊन येतो. बायो आवडणं हा चांगला आधार आहे, पण तेवढ्यावर तीस-चाळीस वर्षं निघत नाहीत.

त्यात परीक्षेची गर्दी. २०२५ मध्ये देशभरातून २२ लाखांवर मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा सगळ्या देशात मिळून सव्वा लाखाच्या जवळपास. या रेट्यात "मला हे हवंय का" असं स्वतःला विचारायला मुलांना सवडच मिळत नाही. "मिळेल का" यातच अकरावी-बारावीची दोन वर्षं जातात. टेस्ट सिरीज, रँक, डाउट सेशन. संध्याकाळी गोखले रोडवर क्लास सुटतात तेव्हा त्या गर्दीतून मी भाजीची पिशवी घेऊन जाते. पाठीवरच्या त्या जड सॅक बघून पोटात तुटतं. यातल्या कितीजणी आजारी माणसाच्या उशाशी कधी तासभर बसल्या असतील?

मी बघितलेल्या चांगल्या डॉक्टरांत एकच गोष्ट सारखी होती. हुशारी सारखी नव्हती, स्वभाव तर अजिबात नाही. काही तापट होते, काही इतके अबोल की पेशंटला नाव विचारतानाही संकोचायचे. पण ते पुन्हा बघायला यायचे. राउंड संपला, औषध लिहून झालं, केस पेपरवर सही झाली, तरी कुणी न बोलावता परत त्या कॉटपाशी यायचे. आपण जे केलं त्याचं पुढे काय झालं, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

२६ जुलै २००५ चा पाऊस सगळ्यांना आठवतो. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर. इकडे आमच्या भागातही पाणीच पाणी. ते ओसरलं आणि आठ-दहा दिवसांनी आमचा वॉर्ड तापाने भरला. लेप्टो, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. डोळे लाल, पोटऱ्या अशा दुखायच्या की नुसता हात लावला तरी माणूस कळवळायचा. कॉट संपल्या, मग जमिनीवर गाद्या, दोन गाद्यांच्या मध्ये सलाइनचा स्टँड. त्यात विटाव्याचा एक रिक्षावाला होता, पंचविशीचा. कमरेइतक्या पाण्यातून रिक्षा ढकलत घरी आणली होती त्याने. लेप्टोत मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, त्याची व्हायला लागली होती. कॅथेटर घातला, युरोबॅग लावली आणि हाउसमन, म्हणजे वॉर्डातले निवासी डॉक्टर, सांगून गेले, दर तासाला लघवी मोजा.

तेव्हा एक इंटर्न होता, सोलापूरकडचा, अंगाने किरकोळ, ॲप्रनच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला. मोजून लिहिण्याचं काम आमचं, तरी तो रात्री एकला आला. गुडघ्यावर बसला, टॉर्चच्या उजेडात बॅगेवरच्या रेघा वाचल्या. "सिस्टर, वीस." डाव्या हाताच्या मागच्या बाजूला बॉलपेनने लिहून ठेवलं. दोनला आला, "पंधरा." तीनला आला तेव्हा मी म्हटलं, "अरे, झोप जरा. मी लिहून ठेवते ना." म्हणाला, "झोप लागत नाही, सिस्टर. डोळे मिटले की बॅगच दिसते." चारला "दहा." सकाळी राउंडला मोठ्या सरांनी विचारलं, तेव्हा वहीच्या आधी याने हात पुढे करून आकडे वाचले. तासाभरात त्या रिक्षावाल्याला डायलिसिससाठी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हलवलं.

पुढच्या रविवारी या मुलाची सुट्टी होती. सोमवारी सकाळी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "सिस्टर, लघवी सुरू झाली." मला आधी कळेचना, कुणाची. सुट्टीच्या दिवशी लोकलने मुंबईला जाऊन तो त्या रिक्षावाल्याला बघून आला होता. कुणी सांगितलं नव्हतं. तो पेशंट आता त्याचा नव्हताही. पण त्याचा तो चेहरा! घरात मूल जन्मल्याची बातमी माणसं अशी सांगतात.

पुन्हा येण्याला दुसरी बाजूही आहे. कोविडच्या पहिल्या लाटेत एक इंटर्न मुलगी होती. एका बाईंचा व्हिडिओ कॉल ती रोज त्यांच्या मुलाला लावून द्यायची, फोन स्वतःच्या हातात धरून, कारण बाईंच्या हातात जोर नव्हता. एका सकाळी ड्यूटीवर आली ती सवयीने थेट त्या कॉटपाशी गेली. मावशी गादी पुसत होत्या. ही तिथे नुसती उभी राहिली, पीपीईच्या काचेआड काही दिसत नव्हतं. मग शेजारच्या कॉटचा ऑक्सिजन बघायला वळली. संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत खूप रडली. दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर होती. रिकाम्या कॉटपाशी कितीदा तरी यावं लागतं या कामात, आणि त्याची सवय होते असं मला ३२ वर्षांनंतरही म्हणवत नाही.

आणखी एक मुलगा आठवतो. कॉलेजात पहिल्या पाचांतला. बोलायला नम्र, कामात चूक नाही, कधी कुणावर आवाज चढवला नाही. पण कॉटपासून कायम हातभर लांब. पेशंट बोलायला लागला की याची नजर घड्याळाकडे. एका रात्री वॉर्डातलं सक्शन मशिन बंद पडलं. दुरुस्तीवाला सकाळी येणार. या मुलाने माझ्याकडे स्क्रू ड्रायव्हर मागितला, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, मशिन उघडलं, नळ्या धुतल्या, आतला एक वॉशर उलटा बसला होता तो सुलटा केला आणि वीस मिनिटांत मशिन चालू. त्या वीस मिनिटांत तो कुणी वेगळाच मुलगा होता. ओठांत स्क्रू धरलेले, कपाळावर घाम, डोळे लकाकत होते.

"तुला हे छान येतं रे," मी म्हटलं.

"मला हेच करायचं होतं, सिस्टर. आजोबा डॉक्टर, बाबा डॉक्टर. मी दहावीत असतानाच दवाखान्याच्या नव्या पाटीवर माझ्या नावासाठी जागा सोडून ठेवली होती."

"मग आता?"

"आता पाच वर्षं झाली. आता परत कुठे जाऊ?"

तो पुढे एमडी झाला असं कानावर आलं. त्याच्या हातून कुणाचं वाईट होणार नाही याची मला खात्री आहे, पोरगा सरळ होता. वाईट वाटतं ते त्याच्यासाठीच. तेविशीतला मुलगा "आता परत कुठे जाऊ" म्हणतो, तेव्हा त्याच्या आजूबाजूच्या आम्ही सगळ्या मोठ्या माणसांनी काहीतरी मोठी चूक केलेली असते. दवाखान्याला यंत्रं बनवणारी, सांभाळणारी माणसंही लागतात, बायोमेडिकल इंजिनिअरिंग नावाची आख्खी शाखा आहे, एवढं त्याला दहावीत कुणी सांगितलं असतं तरी पुरे होतं.

मुलगी मेडिकलला निघाली की आपल्याकडे आनंदीबाई जोशींचं नाव निघतंच, आणि आम्हा ठाणे जिल्ह्यातल्या माणसांना ते घरचं नाव वाटतं. १८६५ साली कल्याणला जन्म. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, त्या दुःखातून डॉक्टर व्हायचा निश्चय. १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची २२ वर्षं पुरी व्हायच्या आत मृत्यू. माझ्या डोळ्यांत पाणी आल्याशिवाय मला ही गोष्ट सांगता येत नाही. तरी भाचीला मी त्यांच्याच बरोबरीच्या रखमाबाईंबद्दल सांगितलं. त्या आनंदीबाईंहून चारेक महिन्यांनी मोठ्या, मुंबईच्या. बालपणी लावून दिलेलं लग्न नाकारून कोर्टात उभ्या राहिल्या म्हणून लोक त्यांना ओळखतात. मला त्यांचं पुढचं आयुष्य जास्त जवळचं वाटतं. लंडनला वैद्यकीचं शिक्षण घेऊन त्या परत आल्या आणि सुरत आणि राजकोट इथे मिळून पस्तीसेक वर्षं बायकांच्या दवाखान्यांत काम केलं. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. म्हणजे डॉक्टरचं घर कसं असतं, हे त्यांनी लहानपणापासून बघितलेलं होतं. दुःखातून निश्चय होतो, त्याला मी कमी लेखत नाही. पण पस्तीस वर्षं रोज सकाळी ओपीडीत जाऊन बसायला आणखी काही लागतं, आणि ते आपल्यात आहे का, हे बघितल्याशिवाय कळत नाही.

आमच्या घरातही दुःखातूनच हा विषय सुरू झाला. अण्णा, म्हणजे माझे वडील, वागळे इस्टेटला कंपनीत कामाला होते. १९८४ मध्ये एका रात्री त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दादा तेव्हा सोळाचा. तो आणि शेजारचे काका तीन दवाखान्यांची दारं वाजवत फिरले. चौथं उघडलं तोवर अण्णा गेले होते. मी नर्स झाले त्यामागे ती रात्र आहे, आणि दादाला मुलगी डॉक्टर व्हायला हवी आहे त्यामागेही तीच. म्हणून त्याच्याशी वाद घालताना माझी जीभ जड होते.

वाद पैशांवरून झाला. दादाचं म्हणणं, एक वर्ष ड्रॉप घेऊ दे, नाहीच जमलं तर खासगीत टाकू. नेरूळला, कामोठ्याला कॉलेजं आहेत, घरून जाऊन-येऊन करेल. गावची जमीन आहे, वर कर्ज काढू. खासगीतली फी वर्षाला लाखांत, अभिमत विद्यापीठात तर त्याहून कितीतरी वर. मी म्हटलं, "दादा, जमीन विकून आत पाठवलंस की तिला बाहेर यायला दार उरणार नाही. दुसऱ्या वर्षी कळलं की हे आपलं नाही, तर ती तुला सांगेल असं वाटतं तुला? ती जमिनीकडे बघून गप्प बसेल." तो उठून गॅलरीत गेला. बराच वेळ आत आला नाही.

वर्षांचा हिशोबही मी त्याच्यापुढे मांडला. साडेचार वर्षं अभ्यास, वर्षभर इंटर्नशिप. अठराव्या वर्षी आत गेलेली मुलगी चोविशीत एमबीबीएस होते आणि हल्ली तिथे थांबायला फारसं कुणी तयार नसतं. पुन्हा प्रवेश परीक्षा, एमडी-एमएसची तीन वर्षं, हृदय किंवा मेंदूसारखं काही हवं असेल तर वर आणखी तीन. बरोबरच्या मैत्रिणी बाविशीत पगार घरी आणतात. ही तिशीला टेकली तरी शिकतच असते, रात्र-रात्र जागून. पेशंट दगावला की नातेवाईक अंगावर येतात. २०१० पासून राज्यात त्यासाठी कायदा आहे, तरी पोरी वॉर्डात जीव मुठीत धरून उभ्या असतात, हे मी बघितलं आहे. ज्याला कॉटपाशी परत यायची ओढ आहे, तो हे सगळं काढतो. ओढ नसेल तर यातला एकेक दिवस अंगावर येतो.

एवढं सगळं बोलून झालं, पण भाचीत ती ओढ आहे का, हे मला कुठे माहीत होतं? मग मी तिला बघायला लागले.

पहिल्या रात्री बेडपॅन द्यायची वेळ आली तेव्हा ती मावशींना शोधत पॅसेजभर फिरली होती. दुसऱ्या रात्री तिने स्वतः दिला, नाकाला ओढणी लावून. चौथ्या दिवशी सकाळी मी गेले तर आईची पाठ पुसून पावडर लावून झाली होती, चादरीला एक सुरकुती नव्हती आणि ओढणी खुर्चीच्या पाठीवर होती. मला फार बरं वाटलं.

पण शेजारच्या कॉटवर एक आजी होत्या. त्यांच्याजवळ रात्री कुणी नसायचं. "बाय, पाणी दे गं," म्हणायच्या. भाची द्यायची. एकदा, दोनदा, पाचदा. मग हेडफोन घालून भिंतीकडे तोंड करून बसायची. आजींना तहान नव्हती, बोलायला कुणीतरी हवं होतं. भाचीला ते समजत होतं, तिनेच मला सांगितलं. "मला कळतं गं आत्या, पण मला नाही बसवत त्यांच्याजवळ. जीव गुदमरतो." खरं बोलली म्हणून मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, मनातून मात्र खट्टू झाले. माझ्या मापात ती बसत नव्हती.

आईला वॉकर धरून पहिल्यांदा उभं केलं ते एका फिजिओथेरपिस्ट मुलीने. मोठ्या डॉक्टरांनी हाड छान बसवलं, पण आईची भीती काढली ती या मुलीने, रोज सकाळी येऊन, "आजी, आज फक्त दारापर्यंत," असं करत करत. मी भाचीला मुद्दाम तिच्याजवळ उभं केलं. तिने बघितलं, मदत केली, पण मन तिथे रमलेलं दिसलं नाही.

तळमजल्यावर छोटीशी लॅब होती. आईच्या रक्ताची बाटली पोचवायला भाची खाली गेली आणि तासभर वर आलीच नाही. पाऊस सुरू झालेला, तापाचे पेशंट येत होते, लॅबच्या ताई मलेरियाची स्लाइड बघत होत्या. त्यांनी सहज विचारलं, "बघतेस?" शंभरची लेन्स, स्लाइडवर तेलाचा थेंब. रक्ताच्या तांबड्या पेशींच्या फिकट गुलाबी चकत्या आणि एका चकतीत निळसर, बारीक अंगठी, अंगठीवर दोन ठिपके. "आत्या, अगदी हेडफोनसारखं दिसतं ते!" वर येऊन ती बोलतच सुटली. फाल्सिपेरम, मलेरियातला धोक्याचा प्रकार. दुसऱ्या दिवशी आजीला चहा देऊन झाल्या झाल्या खाली गेली. कालच्या पेशंटची आजची स्लाइड आली का? औषध सुरू झालंय, मग अंगठ्या कमी झाल्या का? तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्या पेशंटला तिने कधी पाहिलं नव्हतं, नावही माहीत नव्हतं. फक्त स्लाइडवरचा नंबर. "शोधाव्या लागतात आता," असं सांगत ती जिना चढून आली, तेव्हा तिचा चेहरा बघून मला वीस वर्षांपूर्वीचा तो सोमवार आठवला.

मी जिन्यातच थांबले. ही पोरगी पुन्हा बघायला जात होती. माझं माप वॉर्डातलं होतं, कॉटपाशी परत येणाऱ्यांनाच मी खरे डॉक्टर म्हणत आले. स्लाइडकडे परत जाणारी माणसं मला ३२ वर्षांत नीट दिसलीच नाहीत, कारण ती माझ्या वॉर्डात नव्हती, तळमजल्यावर होती. त्यांनी लिहिलेल्या कागदावर भरवसा ठेवून आम्ही औषधं देत होतो.

मग मी दादाला दुसऱ्या बाजूने समजवायला लागले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत ज्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली, ते हाफकिन प्राणिशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. आपल्या खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे संशोधन केंद्र आहे, तिथे कर्करोगावर काम करणाऱ्यांत डॉक्टर आहेत तसे एमएस्सी, पीएचडी झालेलेही आहेत. डॉक्टर होऊनच हे करायचं असेल तर एमबीबीएसनंतर पॅथॉलॉजीत, मायक्रोबायोलॉजीत एमडी करता येतं. दादा म्हणाला, "बीएस्सी करून पोरी शेवटी बँकेच्या परीक्षा देतात गं." तेही खोटं नाही. आपल्याकडे संशोधनाची वाट लांब आहे आणि त्यात पैसा उशिरा दिसतो. मी त्याला तसंच सांगितलं, गोड करून सांगितलं नाही.

भाचीलाही सांगितलं, "लॅब हवी म्हणून मेडिकलला जाशील, तरी मध्ये साडेपाच वर्षं कॉटपाशी उभं राहावंच लागेल. बाळंतपणं, कॅज्युअल्टी, लहान मुलं, सगळं. त्या शेजारच्या आजी तिथे रोज भेटतील."

ती विचार करत राहिली. मग म्हणाली, "ओढणी चौथ्या दिवशी सुटली ना. आजींचंही जमेल?"

"मला सांगता येणार नाही, बाळा. क्लासच्या बाकावर बसून मात्र ते कळायचं नाही."

शेवटी असं ठरलं. पूर्ण ड्रॉप नाही. ठाण्यातच बीएस्सीला प्रवेश घ्यायचा, अभ्यास घरी करायचा आणि नीट पुन्हा द्यायची. मुलं याला पार्शल ड्रॉप म्हणतात. जमिनीला हात लावायचा नाही, हे दादाने कबूल केलं. मनापासून नाही, पण केलं. आणि शनिवारी लॅबमध्ये जाऊन बसायचं. ताईंनी कोपऱ्यातला जुना मायक्रोस्कोप तिला दिला आहे. तपासून, रिपोर्ट देऊन झालेल्या स्लाइड तिने शिकण्यासाठी बघायच्या, निकाल आधी सांगायचा नाही, असं त्या दोघींचं ठरलं आहे. आई आता काठी घेऊन घरभर फिरते.

परवाच्या शनिवारी रात्री भाचीचा फोन आला. आवाज थकलेला. ताईंचा नियम आहे, शंभर फील्ड, म्हणजे मायक्रोस्कोपखाली एका वेळी दिसणारे स्लाइडचे शंभर तुकडे, बघितल्याशिवाय स्लाइडला निगेटिव्ह म्हणायचं नाही.

"आत्या, सत्तराव्या फील्डला डोळे चुरचुरायला लागले. काहीच नव्हतं गं तिच्यात."

"मग?"

"मग काय, शंभर केली."

"काही सापडलं?"

"नाही. निगेटिव्हच होती." थोडं थांबून म्हणाली, "त्या आजी आल्या होत्या आज रक्त द्यायला. शेजारच्या कॉटवरच्या. मी ओळखलं त्यांना. त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसले."

"बरं केलंस."

"दहाच बसले."

मी विचारलं, जेवलीस का? म्हणाली, आता बसतेय.